खाचेतली हळद

नऊ वर्षं एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवासमोर उभा राहूनसुद्धा तोंडाने उच्चारलेली नाही. डॉक्टर शुभदाअक्कांच्या संशोधनात जी चूक निघाली, जिच्यापायी त्यांना छापून आलेला निबंध परत घ्यावा लागला, आणि जिचं कारण त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही, ती चूक माझ्या हातची होती. मला ते माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं.

अक्का गेल्याला आता सात आठवडे झाले. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाताईंचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या माझ्या शेडमध्ये लेथपाशी होतो. मशीन चालू होतं, नीट ऐकू येईना, म्हणून मी "स्वल्प थांबा" म्हणून बाहेर आलो. त्या म्हणाल्या, "शुभा गेली हो, नारायणराव. सकाळी." मी "सरी" म्हटलं. एवढंच. 'ठीक' म्हणायला, बातमी मान्य करायला आमच्याकडे कन्नडमधला हाच शब्द. आत जाऊन मी लेथ बंद केला आणि फिरत फिरत थांबणाऱ्या त्याच्या चकाकडे, काम धरणाऱ्या तोंडाकडे, बघत राहिलो. पहिल्यांदा मनात जे आलं ते इथे लिहितो, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. पहिल्यांदा दुःख नाही आलं. सुटलो, असं आलं. मग त्याची इतकी लाज वाटली की हात धुवायच्या नळापाशी जाऊन मी तोंडावर पाणी मारत राहिलो.

पुढच्या रविवारी सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांची माणसं जमली होती. त्यांच्या संशोधन संस्थेतले, शेजारचे, जुने विद्यार्थी. सगळे चांगलं बोलले. एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, "ती एक गडबड सोडली, तर कारकीर्द निष्कलंक." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं. भिंतीला टेकून, हातात पाण्याचा ग्लास धरून मी ते ऐकलं. निघताना सुनंदाताई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर कुणीतरी लिहायला हवंय. शास्त्रज्ञ लिहितील ते कुणाला कळायचं नाही. तुम्ही लिहा. ती तुमच्याविषयी फार बोलायची." मी म्हटलं, माझ्या मराठीला तुमच्या पुण्यात हसतील. त्या म्हणाल्या, "हसू देत की. मी शुद्धलेखन बघते." तर हा तो लेख. सुनंदाताई, तुम्ही मागितलात तो हा नव्हे, हे मला माहीत आहे.

आमचं घराणं बेंगळुरूचंच. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांचं. घरात मराठी, शाळेत कन्नड, शेडमध्ये दोन्ही. वडिलांनी पीण्यात एक लेथ टाकून काम सुरू केलं, आज सात मशीनं आहेत, आणि आम्ही बारीक, मापात बसणारे सुटे भाग करतो. अक्का पहिल्यांदा आल्या त्या रिक्षाने, हातात कागदाची गुंडाळी घेऊन, पत्ता चुकत चुकत. मी आईशी फोनवर बोलत होतो ते त्यांनी ऐकलं. "अय्या, तुम्ही मराठी?" मी म्हटलं, "हो, पण जुनं." त्या दोन मिनिटं माझ्याशी बोलल्या आणि हसायलाच लागल्या. "नारायणराव, तुमचं मराठी बखरीतून उठून आल्यासारखं आहे." मी म्हटलं, "आमची माणसं आली तेव्हा घेऊन आली तेवढंच आहे, अक्का. नंतर कुणी नवं पाठवलं नाही." हे त्यांना इतकं आवडलं की पुढे त्या हे वाक्य ज्याला त्याला ऐकवायच्या. पुण्याच्या बाईला मी अक्का म्हणतो याचीही त्यांना गंमत वाटायची. "घरी मी शुभा, संस्थेत मॅडम, आणि पीण्यात अक्का. तीन बायका सांभाळते मी."

त्याच दिवशी त्यांनी शेडच्या कोपऱ्यातला काळा पडदा पाहिला आणि विचारलं, आत काय. आत आमचा तडा तपासायचा दिवा असतो. तयार भागावर एक हिरवा द्रव लावायचा, पुसायचा, आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरायचा. डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर त्यात राहिलेला द्रव हिरवा चमकतो. अक्का पडदा सारून आत शिरल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अहो, आपण दोघं एकच धंदा करतो!" मग लोखंडी स्टुलावर बसून त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात. ते बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते दिसेल असं करायचं. उंदराच्या मेंदूचा कागदासारखा पातळ काप खाऱ्या पाण्यात काही तास जिवंत ठेवायचा, केसाहून बारीक काचेच्या सुईने एकाच पेशीत हिरवा रंग सोडायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली, अंधारात, तो कुठे कुठे जातो ते बघत बसायचं. रंग शेजारच्या पेशीत गेला तर समजायचं, या दोघींच्या मध्ये दार आहे. "शेजारणी आहेत हो. काहींचं भिंतीवरून बोलणं, काहींचं थेट मागच्या दारातून वाटी देणं-घेणं. माझा शोध त्या मागच्या दाराचा."

पुढे त्यांनी मला संस्थेत नेऊन ते दाखवलंही. अंधारी खोली, पडद्यावर एक हिरवी पेशी, तिला शंभर बारीक फाटे. "काय दिसतं?" मी म्हटलं, "उपटलेली मेथीची जुडी." तेव्हा सुईपाशी बसलेली त्यांची विद्यार्थिनी, हासनकडची लावण्या, खुदकन हसली. अक्का तिला म्हणाल्या, "हसतेस काय, लिहून घे. इतकं बरोबर वर्णन पुस्तकात नाही." लावण्याचा हात फार स्थिर होता. अक्का म्हणायच्या, श्वास घेताना माझी सुई हलते, ही पोरगी श्वास घेते की नाही तेच कळत नाही. त्या दोघी इंग्रजीत बोलायच्या, माझ्याशी लावण्या कन्नडमध्ये. मला ती 'अण्णा' म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी अक्कांनी मला एक नवी बशी करायला दिली. मेंदूचा काप ज्यात ठेवतात ती, तळहाताएवढी, काळ्या प्लॅस्टिकची, तळाला काच, आणि काच धरून ठेवायला खाचेत बसवलेली रबराची कडी. आधीची बशी परदेशातून आली होती आणि पाणी नीट फिरू देत नव्हती. अक्कांनी आकृतीवर लाल शाईने लिहिलं होतं: तयार झाल्यावर उघड्या हाताने स्पर्श नको, तीनदा धुणे, पाकिटात बंद करणे. वर तोंडानेही सांगितलं. "हाताचं तेलसुद्धा चालत नाही, नारायणराव. पेशी फार नखरेल आहेत." मी अकरा दिवस त्या बशीवर घालवले. रबराची कडी बसवायला आणि काढायला वेगळं हत्यार लागेल अशी घट्ट खाच केली, आणि ते हत्यारही मीच घडवलं. दुसऱ्या कुणाला ती कडी काढता आली नसती. याचा मला अभिमान होता. पुढे तेच माझ्या कामाला आलं... त्याबद्दल सांगतोच.

बशी पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. पुण्यात तुम्ही खंडेनवमी म्हणता. पीण्यात त्या दिवशी एकही मशीन चालत नाही. सगळी धुऊन पुसून, प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूची माळ, दाराला केळीचे खुंट, आणि फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आमच्या वडिलांची आणखी एक रीत होती. त्या दिवशी शेडमध्ये जे तयार काम असेल, त्यातलं सगळ्यांत चांगलं देवापुढे ठेवायचं आणि त्याला हळदीचं बोट लावूनच बाहेर पाठवायचं. वडील गेले तरी मी ती मोडली नव्हती. त्या वर्षी सगळ्यांत चांगलं काम कोणतं, याविषयी माझ्या मनात शंकाच नव्हती. पाकीट उघडलं, बशी पाटावर ठेवली, आणि कडेला ओल्या हळदीचं एक बोट लावलं. अक्कांच्या कामाला यश येवो असं म्हटलं, अगदी मनापासून. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली, मग स्पिरिटने पुसली. डोळ्यांना काही दिसेना. परत पाकिटात बंद केली. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पुसून काढली असं मी समजलो, आणि ती रबराच्या कडेने खाचेत उतरली होती.

तेव्हा मी अक्कांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, बशी उकळून घेतली असती, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण मला संकोच वाटला. पुण्याच्या, परदेशात शिकून आलेल्या बाई. म्हणतील, एवढं लाल शाईने लिहिलं आणि यांनी यंत्राची पूजा घातली. तो संकोच होता, खोटेपणा नव्हता. खोटेपणा नंतर आला.

दोन महिन्यांनी अक्कांचा फोन. "या, आत्ता या, रिक्षा करून या." पडद्यावर मधली पेशी लख्ख हिरवी, आणि भोवती पाच-सहा फिकट हिरव्या शेजारणी. "मागचं दार," अक्का हळूच म्हणाल्या. मेंदूच्या त्या भागात मोठ्या वयात असं दार नसतं, असं सगळे मानत होते. लावण्या सुईपाशी बसून रडत होती, आनंदाने. निबंध छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं, बशी करणारा म्हणून. मी ते पान चौकटीत बसवून शेडमध्ये वडिलांच्या फोटोशेजारी लावलं. अक्का येतील तेव्हा त्याकडे बघून म्हणायच्या, "नारायणरावांच्या हातात चूक नाही. चूक झाली तर आमच्या डोक्यात होईल."

मग ते फिकट हिरवं हळूहळू कमी व्हायला लागलं. दुसऱ्या देशातल्या लोकांनी तोच प्रयोग केला, त्यांना काही दिसलं नाही. अक्कांनाही दिसेना. रंग न सोडताच नुसता काप बघायचा, अशी एक पडताळणी असते. ती त्यांनी पहिल्या वेळी जुन्या बशीत केली होती, कारण नवी सदा कामात. आता नव्या बशीत केली तर तिच्यातही काही नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे, पण मला आज जे समजतं ते असं: हळदही अशा दिव्यात हिरवी चमकते, सुरीने दुखावलेल्या, थकलेल्या पेशी पाण्यात उतरणारे तिचे कण पीत होत्या, आणि दोन-अडीच वर्षं खारं पाणी फिरून बहुतेक हळद धुऊन गेली होती. शोध घ्यायची वेळ आली तेव्हा चोर निघून गेला होता. घरात उरली फक्त लावण्या.

कारण दुसरं स्पष्टीकरण एकच होतं. पेशीत शिरण्याआधी सुईतून रंग गळला, म्हणजेच हात हलला. संस्थेने चौकशी केली. अक्का लावण्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, पण त्यांच्या हातात पुरावा काय होता? नुसता विश्वास. त्या बशी घेऊन माझ्याकडे आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "सगळं तपासून झालं. हे एक राहिलं. ही कडी उघडून बघा, गळतं का, काही अडकलंय का. तुमच्याशिवाय कुणाला उघडत नाही." ठेवून गेल्या.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कडी काढली. खाचेच्या तळाला, एका बाजूला, केसाएवढी पिवळी रेघ. मी ती बघितली आणि माझ्या बोटाला तो पूजेचा दिवस आठवला, डोक्याच्या आधी बोटाला. तरी मी बशी पडद्याआड नेली आणि जांभळ्या दिव्याखाली धरली. रेघ हिरवट पिवळी पेटली. अक्का म्हणाल्या होत्या, आपण दोघं एकच धंदा करतो...

चार वाजता त्यांचा फोन आला. "काही सापडलं?"

मी म्हटलं, "काही नाही, अक्का. बशी अगदी सरी आहे."

त्या म्हणाल्या, "मग आमचंच काहीतरी. थँक्यू हं, नारायणराव. ती राहू दे तुमच्याकडेच, मी आता ती वापरणार नाही."

का म्हटलं मी तसं? नऊ वर्षं या प्रश्नाला मी नवी नवी उत्तरं देत आलो. हळदीमुळे झालं हे बाहेर कळलं तर जग अक्कांनाच हसेल, मी त्यांना वाचवलं, हे एक. गेलेलं परत येणार नाही, मग सांगून काय, हे दुसरं. खरं उत्तर भिंतीवर होतं. त्या चौकटीकडे बघून माझ्या हाताविषयी त्या जे म्हणायच्या, ते मला गमवायचं नव्हतं.

अक्कांनी निबंध मागे घेतला. तीन ओळींचं निवेदन. कारण सापडलेलं नाही, जबाबदारी माझी. लावण्याचं नाव त्यात कुठेही नव्हतं, पण सगळ्यांना जे समजायचं ते समजलं होतं. ती पीएचडी सोडून गेली. जायच्या आधी एकदा माझ्या शेडमध्ये आली होती. उभ्या उभ्या म्हणाली, "अण्णा, माझा हात हलला असेल का? मला आठवतच नाही हो." मी तिला कॉफी मागवली. दुसरं काही केलं नाही. आता ती इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करते. हे मला अक्कांनीच सांगितलं.

ते सांगितलं ती आमची शेवटची भेट. अक्का आजारी होत्या, पलंगावर उशांना टेकून बसलेल्या. मी बशी पिशवीत घालून नेली होती. सांगायचंच, असं ठरवून. मडिवाळपासून सर्जापूर रोडपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये मी वाक्य घोकत होतो. गेल्यावर त्या म्हणाल्या, "या, बखर! किती वाळलात." माझ्यापेक्षा त्याच निम्म्या झाल्या होत्या. मग इकडचं तिकडचं झालं. मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "लावण्या आली होती परवा. अजून विचारते. मॅडम, माझाच हात हलला ना? मी म्हटलं, नाही गं. पण कशावरून नाही, ते मी तिला दाखवू शकत नाही. तेवढं एक राहिलं बघा, नारायणराव. बाकी झालं सगळं."

पिशवी माझ्या मांडीवर होती. बशीची कड मला कापडातून लागत होती. मी म्हटलं, "अक्का, चहा करू का थोडा?"

त्या म्हणाल्या, "करा. साखर जरा जास्तच घाला, आता कोण बघतंय." मी चहा केला. त्यांनी दोन घोट घेतले. मी निघालो. पिशवी जशी नेली तशी घरी आणली.

कुणी म्हणेल, त्यांना कळलं असेल, आणि त्यांनी मनातल्या मनात क्षमा केली असेल. मलाही रोज तसं वाटून घ्यावंसं वाटतं. पण अक्का विचारणाऱ्या बाई होत्या. कळलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "अहो, हळद का लावली हे नंतर बोलू, आधी सांगा, किती लावली?" आणि वही काढली असती. त्यांना कळलं नव्हतं. त्या न कळता गेल्या, आणि ते माझ्यामुळे.

बशी आता माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ती मी धुतलेली नाही. चौकट भिंतीवरून काढली, तिथे आता एक चौकोनी पांढरा डाग आहे, आणि येणारा जाणारा विचारतो, इथे काय होतं. गेल्या आठवड्यात मी पडद्याआड जाऊन पुन्हा एकदा दिवा लावून पाहिला. रेघ अजून पेटते. फिकट, पण पेटते. अक्कांना जो पुरावा दाखवता आला नाही तो इतकी वर्षं माझ्या खणात पडून होता.

हे लिहून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. पण मग लक्षात आलं की मी हे मराठीत लिहितोय, पुण्याच्या पुरवणीत. लावण्याला मराठी वाचता येत नाही. इथेही मी सोयीची जागाच शोधली. संस्थेला मी पत्र लिहिणार आहे आणि सोबत बशी देणार आहे, पण ते नंतर. आधी इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं आहे, बशी आणि दिवा घेऊन. खोलीत अंधार करून तिला ती रेघ दाखवायची आहे, आणि तिच्या डोळ्यांत बघून तिच्या भाषेत म्हणायचं आहे: तप्पु निंदल्ल, लावण्या, नंदु. चूक तुझी नाही, माझी.

हे वाक्य मी तिला देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत दिलेलं नाही.